सही करण्यापूर्वी
(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या वेळी केलेले भाषण)



आज आपला वर्ग पुरा झाला. सहा महिन्यांपूर्वी आपण सारे या ओसरीवर जमलो, तेव्हा पुष्कळांना 'ग'चा गोळा काढता येत नव्हता. आज आपण धडे वाचता, पत्र लिहिता, आणि नावाची सही तर झोकात करता. आम्हाला त्याचा फार आनंद वाटतो.

पण परवा एक गोष्ट घडली. वर्गातल्या एका आजीबाईंनी आम्हाला विचारले, "गुरुजी, सही आली. अंगठा सुटला. आता शिकणं संपलं ना?" आम्ही हसलो आणि म्हणालो, "आजी, याचं उत्तर समारोपाच्या दिवशी देऊ." तेच उत्तर आज द्यायचे आहे. पण ते सरळ न देता आम्ही एका खेळाडूची हकिकत सांगणार आहोत. हकिकत परदेशातली आहे, पण खरी आहे. आणि तीतली गोष्ट तुमच्याआमच्या घरातली आहे.

खेळाचे नाव आहे गोल्फ. आपल्याकडे हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नसेल. म्हणून आधी तो समजून घेऊ. लहानपणी आपण गोट्या खेळलो. जमिनीत गल करायची आणि गोटी तीत घालवायची. गोल्फचेही मूळ तेच. फक्त गोटीच्या जागी एक लहान पांढरा चेंडू असतो, आणि बोटांच्या जागी लांब काठी. मैदान मात्र अफाट असते. त्यात झाडे, पाण्याची तळी, वाळूचे खड्डे, सगळे काही असते. ठिकठिकाणी मिळून १८ भोके केलेली असतात. भोक केवढे? तांब्याच्या तोंडाएवढे. आणि ते कोठे? चेंडू ठेवतात तेथून दोनशे, चारशे, पाचशे यार्डांवर!

चेंडूला टोले मारीत मारीत तो भोकात घालायचा. किती टोले लागले ते मोजायचे. असे १८ भोकांचे टोले मोजून बेरीज करायची. मोठ्या सामन्यात हेच चार दिवस करतात. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. म्हणजे इथे जास्त आकडा वाईट आणि कमी आकडा चांगला. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सारे समजेल.

आता खेळाडूची ओळख. त्याचे नाव रॉबर्टो डी व्हिसेंझो. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. ब्यूनॉस आयरिस ही त्याची राजधानी. तिच्याजवळच्या एका वस्तीत १४ एप्रिल १९२३ रोजी रॉबर्टो जन्मला. घरची स्थिती गरिबीची. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. मग या पोराला तो कसा मिळाला? तर खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालायला मुले लागतात. त्यांना कॅडी म्हणतात. रॉबर्टो लहानपणी कॅडी झाला. दुसऱ्याचे ओझे वाहता वाहता त्याने खेळ पाहिला आणि पाहता पाहता शिकला. मोठा झाल्यावर त्याने गोल्फ हाच आपला धंदा केला. सुतार जसा रंध्यावर पोट भरतो, तसा हा काठीवर पोट भरू लागला.

१९४४ साली त्याने आपल्या देशातली सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. पुढे तीच स्पर्धा त्याने एकंदर नऊ वेळा जिंकली. १९५३ साली कॅनडात निरनिराळ्या देशांच्या जोड्यांचा सामना झाला. तेथे रॉबर्टो आणि त्याचा साथीदार अँतोनियो सेर्डा यांनी अर्जेंटिनाला पहिला नंबर मिळवून दिला. देशोदेशी हिंडून त्याने आयुष्यात दोनशेंच्या वर स्पर्धा जिंकल्या.

पण एक सल होता. इंग्लंड-स्कॉटलंडात एक फार जुनी स्पर्धा भरते. तिला ओपन म्हणतात. ती जिंकावी, अशी प्रत्येक खेळाडूची आस असते. १९४८ साली रॉबर्टो तेथे गेला, तिसऱ्या नंबरावर राहिला. १९४९ साली पुन्हा तिसरा. १९५० साली दुसरा. पुढेही तो किती वेळा गेला. घास तोंडापर्यंत येई आणि परत जाई. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून घरी बसला असता. हा गडी जातच राहिला. शेवटी १९६७ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्याने ती स्पर्धा जिंकली. तीही जॅक निकलॉस या जगातल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूला दोन टोल्यांनी मागे टाकून. पहिल्या खेपेपासून मोजली तर एकोणीस वर्षे झाली होती. आमच्या वर्गात पन्नाशीनंतर पाटी धरणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. नीट ऐका.

अमेरिकेत ऑगस्टा नावाचे गाव आहे. तेथे दर वर्षी एप्रिलात मास्टर्स नावाची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला हिरवा कोट घालतात. त्या कोटाचा मान फार मोठा. १९६८ साली रॉबर्टो तेथे खेळत होता. शेवटचा दिवस होता रविवार, १४ एप्रिल. तारीख ओळखीची वाटली ना? बरोबर. त्याचा वाढदिवस होता. त्या दिवशी तो ४५ वर्षांचा झाला.

त्या दिवशी त्याच्या हाताला यश होते. पहिल्याच भोकावर, जिथे चांगल्या खेळाडूला चार टोले लागतात, तिथे त्याचा दुसरा टोला थेट भोकात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी वाढदिवसाचे गाणे म्हटले. असाच तो खेळत गेला. सतराव्या भोकावर चारच्या जागी त्याला तीनच टोले लागले. हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. लाखो लोकांनी टेलिव्हिजनवर पाहिले. शेवटच्या भोकावर मात्र थोडी चूक झाली आणि पाच टोले लागले. त्या दिवसाची बेरीज झाली ६५. चार दिवसांची मिळून २७७.

मागून बॉब गोल्बी नावाचा अमेरिकन खेळाडू येत होता. त्याचीही बेरीज २७७ झाली. दोघे बरोबरीत आले. त्या वेळी नियम असा होता, की दुसऱ्या दिवशी दोघांनी पुन्हा १८ भोके खेळायची आणि जो जिंकेल त्याला कोट.

पण ते खेळणे झालेच नाही. का झाले नाही?

गोल्फमध्ये टोले लिहिण्याची एक पद्धत आहे. आपले टोले आपण लिहायचे नाहीत. बरोबर खेळणाऱ्या सोबत्याने आपल्या कार्डावर ते लिहायचे. खेळ संपला की तो ते कार्ड आपल्या हाती देतो. आपण ते तपासायचे, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायची आणि मग सही करायची. सही झाली की कार्ड पक्के. मग ब्रह्मदेव आला तरी ते बदलत नाही. खऱ्यापेक्षा कमी टोल्यांवर सही केली, तर खेळाडू बादच होतो. खऱ्यापेक्षा जास्त टोल्यांवर केली, तर तो जास्तीचा आकडा त्याच्या नावे कायम होतो.

त्या दिवशी रॉबर्टोचा सोबती होता टॉमी आरन. त्याने सतराव्या भोकापुढे तीनच्या जागी चार लिहिले. त्याच्या मनात कपट नव्हते. हातून चूक झाली, इतकेच. अशी चूक कोणाच्याही हातून होते. रॉबर्टो टेबलाजवळ बसला. शेवटच्या भोकावर टोला वाया गेला म्हणून त्याचे मन खट्टू झाले होते. भोवती गर्दी होती, गडबड होती. कार्ड हातात होते. त्याने ते नीट पाहिले नाही. सही केली आणि उठला.

थोड्या वेळाने आरनच्याच ध्यानात आले की आकडा चुकला. पण सही होऊन गेली होती. पंच विचारात पडले. ही स्पर्धा सुरू करणारे बॉबी जोन्स त्या वेळी आजारी होते. त्यांना जाऊन विचारले. नियम तो नियम. तीनचे चार कायम झाले. पासष्टाचे सहासष्ट झाले. २७७ चे २७८ झाले. गोल्बी एका टोल्याने जिंकला आणि हिरवा कोट त्याच्या अंगावर गेला.

मंडळी, विचार करा. रॉबर्टोला आकडे येत नव्हते का? येत होते. सही येत नव्हती का? आयुष्यभर त्याने अशा शेकडो कार्डांवर सह्या केल्या होत्या. तो खेळात कमी पडला का? मुळीच नाही. मैदानावर त्याने जे कमावले, ते टेबलावर घालवले. चार दिवसांचे कष्ट होते. वाचायला एखादे मिनिट पुरे होते. तेवढे मिनिट त्याने दिले नाही.

आता त्याचा मोठेपणाही सांगितला पाहिजे. त्याने आरनला बोल लावला नाही. पंचांशी भांडण काढले नाही. मूर्खपणा माझाच, असे त्याने चारचौघांत कबूल केले आणि गोल्बीचे कौतुक केले. काही लोक मात्र बिचाऱ्या गोल्बीलाच रागाची पत्रे पाठवीत राहिले. वास्तविक त्याचा काय दोष? रॉबर्टोने हाय खाल्ली नाही. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ह्यूस्टन येथे त्याने एक स्पर्धा जिंकली. १९८० साली पन्नाशी उलटलेल्या खेळाडूंसाठी अमेरिकेत नवी मोठी स्पर्धा सुरू झाली. तिचा पहिला विजेता रॉबर्टोच होता. २०१७ साली, ९४ वर्षांचा होऊन, तो वारला. पण हिरवा कोट त्याला कधी मिळाला नाही.

आणि टॉमी आरनचे काय झाले? तेही ऐकण्यासारखे आहे. पाच वर्षांनी, १९७३ साली, तो स्वतः मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी खेळत होता. त्याचे कार्ड सोबत्याच्या हाती होते. त्या सोबत्यानेही एका भोकापुढे चारच्या जागी पाच लिहिले! अगदी तशीच चूक. पण आरनने कार्ड वाचले. चूक पकडली, दुरुस्त करून घेतली आणि मग सही केली. त्या वर्षी आरन जिंकला. किती टोल्यांनी? एका. बघा, चूक तीच, सहीही तशीच. एकाने वाचले नाही, एकाने वाचले.

आता आमची स्वतःची लाज सांगतो. दुसऱ्याला शहाणपण शिकवायचे तर आधी आपले माप आपण काढावे. आम्ही मॅट्रिक झालेले. जन्मभर मुलांना 'नीट वाचा, मग लिहा' म्हणून सांगत आलो. आम्ही मुख्याध्यापक असताना एकदा शाळेसाठी बाके आली. पावसाचे दिवस होते. गाडीवाला घाई करीत होता. "गुरुजी, सही द्या, नाला भरायच्या आत निघायचं आहे." आम्ही पावतीवर सही ठोकली. सहा महिन्यांनी तपासणी झाली. पावतीवर ३६ बाके, वर्गात ३०. सहा बाके गेली कोठे? आम्ही शपथा घेतल्या, पण सही आमची होती. त्या सहा बाकांचे पैसे आमच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले गेले. त्या वर्षी दिवाळीला घरात नवे कापड आले नाही. आमच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला वाचता येतं ना?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून, आजीबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. सही आली म्हणजे शिकणे संपले नाही. उलट आता जबाबदारी सुरू झाली. अंगठा उठवीत होता, तेव्हा "मला वाचता येत नव्हतं" असे म्हणायला तरी जागा होती. आता ती जागा गेली. कर्जाचा कागद असो, जमिनीचा असो, बँकेतली चिठ्ठी असो, रेशनची पावती असो, आधी वाचा. आकडा आकड्यात पाहा आणि अक्षरातही पाहा. कोरी जागा दिसली तर तिच्यावर रेघ ओढायला सांगा. शब्द अडला तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. समोरचा म्हणेल, "अहो, नेहमीचाच कागद आहे, करा सही." तो खोटा असेलच असे नाही. आरन खोटा नव्हता. पण चांगल्या माणसाच्याही हातून चूक होते. ती पकडायचे काम सही करणाऱ्याचे. कोणी घाई करू लागला तर हात आखडा आणि त्याला म्हणा, "थांबा, मला वाचता येतं."

हे वाक्य म्हणता यावे, म्हणून तर आपण सहा महिने कंदिलाखाली बसलो.

आता शेवटचे काम. प्रत्येकाच्या हाती एक कागद देत आहोत. वर्गात तुम्हाला काय काय मिळाले, किती पुस्तके, किती पाट्या, किती वह्या, हे त्यावर लिहिले आहे. खाली तुमच्या सहीची जागा आहे. त्या कागदात आम्ही मुद्दाम एक चूक ठेवली आहे. ती कोणती, हे आम्ही सांगणार नाही. घाई नाही. चहा मागून येतो आहे. सावकाश वाचा. चूक सापडली की दुरुस्त करा, आणि मगच आपली झोकदार सही करा.

आजीबाई, पहिला कागद तुमचा. चष्मा लावा.