ठिणगी कुणाच्या भरवशावर?

ओझरच्या सुखोईंचा आवाज ऐकत मी नाशकात वाढलो. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये नोंदणी झाली, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. घरी बांधलेल्या विमानाची ठिणगी सॉफ्टवेअरवर सोडायची का?

मी स्वतः कोड लिहितो, म्हणूनच जरा घाबरतो. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन २४०० आरपीएमला सेकंदाला ८० वेळा पेटतं. प्रोसेसर अर्धा सेकंद रिसेट झाला, की ४० ठिणग्या गेल्या! मॅग्नेटोला ना कोड लागतो, ना बॅटरी. पण त्याचं टायमिंग ठरलेलं. सॉफ्टवेअर आरपीएम आणि लोड बघून टायमिंग बदलतं, इंधन वाचवतं.

आता गंमत बघा. दर सिलिंडरला दोन प्लग असतात. दोन्हींमागे एकच कोड असेल, तर बगही दोन्हीकडे एकदमच उठणार. माझ्या एका रिलीजला मुख्य आणि बॅकअप सर्व्हर असेच एकत्र झोपले होते. तिथे फक्त रात्रीची झोप गेली. आकाशात गाडी कडेला घेता येत नाही.

म्हणून माझं मत: एक बाजू सॉफ्टवेअरची, दुसरी बिनकोडाची. तुमचं काय? कळवा नक्की.