जीप ‘ठक्’ का करते?
(लोधिवली येथील बैठकीतील भाषण)



मुंबईत १९४९ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली. तिच्या वंशातल्या गाड्या अजून आपल्या बांधावर आहेत. कपाशीचं पातं गळलं तर आपण अळी शोधतो. गाडीचं मात्र मिस्त्री म्हणेल ते खरं! क्लच सोडला की खालून ठक्. एकाने आमच्या जुन्या जीपचा गिअरबॉक्स खोलला. दोन क्विंटल कापसाचे पैसे गेले, ठक् तसाच. खोट होती शाफ्टच्या क्रॉसमध्ये.

तेव्हा आधी स्वतः पाहा. सपाट जागा, इंजिन बंद, चारही चाकांना पुढून-मागून दगड. हे आधी, मगच न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा. जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टच धरतो. खाली शिरून मागचा शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसची एक बाजू हलते, दुसरी थांबलेली, तर क्रॉस गेला. दोन्ही बरोबर फिरल्या तर ढिलाई डिफरन्शियलमध्ये किंवा आसाकडे. थोडी तिथे हवीच, दात घट्ट बसले तर तापतात. शिवाय क्राउन-पिनियनचं प्रमाण साधारण पाचास एक, म्हणून चाकाकडची ढिलाई शाफ्टवर पाचपट दिसते. घाबरून घर विकू नका.

पुढचा शाफ्टही असाच तपासा. आणि डांबरीवर फोर-व्हील लावून पळू नका. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, तो पीळ क्रॉस आणि दातांवर येतो. चिखल संपला की लीव्हर काढा.