आधी बोटुकली, मग जाळं
(संघाच्या मासिक सभेत एका ताईंनी केलेलं मनोगत)



आमच्या गटानं गावतळं ठेक्यानं घेतलं. पहिल्या वर्षी स्वस्त पडतं म्हणून जिऱ्याएवढं बारीक मत्स्यबीज सोडलं. तळ्यात मरळ होतीच, तिनं ते फस्त केलं. उन्हाळ्यात जाळं ओढलं तर ठेक्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. बँकेचा हप्ता आम्ही मजुरीतून भरला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून सांगते.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज दरवर्षी सोडावंच लागतं. बोटाएवढी बोटुकलीच घ्या. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या. मग तोंड उघडून थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घ्या आणि पिल्लं आपणहून बाहेर जाऊ द्या. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही सोडा.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. शेण आणि खाद्य लगेच थांबवा, ताजं पाणी आत घ्या.

जाळं मोठ्या भोकांचं वापरा. अर्ध्या किलोच्या आतली मासळी परत सोडा. सगळी एकदम काढू नका, बाजाराच्या दिवशी लागेल तेवढीच काढा. काटा आपला ठेवा, वजन व्यापाऱ्यासमोरच वहीत लिहा.

दुसऱ्या वर्षी आमचा हप्ता तळ्यानंच भरला. पुढच्या सभेला तुमच्या तळ्याची वही घेऊन या, एकत्र बसून बघू.