घाटापुरतीच गोळी

शहापूर-मुरबाडकडच्या माझ्या आयाबहिणींनो, दादांनो, वेळ थोडा आहे, म्हणून थेट झोपेच्या गोळीवर येतो. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. पट्टीवरचं नाव वेगळं, घराणं एकच. सांगायचंय तेही एकच. ही गोळी घाटापुरती असते.

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात. ३७ फुटांना एक फूट असा तो थळ घाटाचा चढ, ती गाडीला ढकलून वर नेतात आणि इगतपुरीला सुटतात. भुसावळपर्यंत कुणी ती मागे ठेवत नाही. गाडी ओढणारं इंजिन पुढे असतंच. तुमची झोपही तशी तुमची स्वतःचीच. दुःखाचा, धास्तीचा चढ आला तर डॉक्टर दोन-चार आठवडे मागून जोर लावतात. चढ संपला की सोडवायचं.

आणि नेमकं सोडवायचंच राहून जातं, हे माझं गाऱ्हाणं आहे. दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली, घडीवर फाटलेली, तारीख पुसलेली. नवरा गेला तेव्हा लिहून दिलेली गोळी, त्याची वर्षश्राद्धं झाली तरी चालूच. सोबत कागदाच्या पुडीत नखानं मोडलेली अर्धी गोळी. म्हटलं, ही कुणाची? तर सुनेची, तिलाही झोप लागत नाही म्हणून. अहो, औषध म्हणजे काय वाटीभर साखर आहे, उसनी द्यायला?

वय झालं की हे औषध अंगातून लवकर निघत नाही. डायझेपामचा अंश तर कित्येक दिवस रेंगाळतो. रात्री लघवीला उठलं, गुंगीत तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. विसरायला होतं त्याचा दोष आपण वयाला देतो, पण कधी कधी तो गोळीचा असतो.

गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाही. १९६० साली या घराण्यातलं पहिलं औषध बाजारात आलं. त्याआधीची झोपेची औषधं अशी, की मात्रा थोडी वाढली तरी माणूस दगावायचा. आजही फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात शिरेतून लोराझेपाम नाहीतर डायझेपाम देतात, शीर सापडेना तर नाकात मिडाझोलामचा फवारा. दारू सोडताना हात कापतात, भास होतात, तेव्हाही हेच घराणं कामी येतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दारू पिऊन वर गोळी मात्र कधीच नको, मग ती मोहाची असो की देशी. दोन्ही मिळून श्वास मंदावतात आणि झोपलेल्याला ते कळत नाही.

आता नीट ऐका, कारण निम्मंच ऐकून पट्टी चुलीत टाकणारेही असतात. आजपासून गोळी बंद करा, असं मी म्हटलेलं नाही! बँकर घाटाच्या मध्यावर सोडवत नाहीत, गाडी मागे येईल. महिनोनमहिने घेतलेली गोळी एका रात्रीत टाकली तर झोप उडते, धडधडतं, घाम फुटतो, हात कापतात, काहींना फिट येते. डॉक्टर ती दर दोन-चार आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतील. कुणाला वर्ष लागेल. लागू द्या. पण मनानं सोडायची नाही आणि मनानं चालूही ठेवायची नाही.

मेडिकलवाल्या भावांनो, अल्प्राझोलम, डायझेपाम २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठी हवी, रजिस्टरला नोंद हवी, ती ३ वर्षं जपायची. ‘आजी ओळखीच्या आहेत’ ही काही चिठ्ठी नव्हे.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. घरबसल्या १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात जाताना पट्टी न्या, रिकामी का असेना, मिलिग्रॅम तिच्यावरच छापलेले असतात. आणि झोप का येत नाही तेही सांगा. गुडघा ठणकतो, तिन्हीसांजेनंतर चहा होतो, की पोरगा कामावरून परतेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो... यावर बरंच बोलायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. ते पुढच्या खेपेला. तोवर पट्टी नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा.