परके वाद्य, आपली साधना
(नालवाडी, जि. वर्धा येथील व्याख्यानाचा सारांश)



व्हायोलिन हे वाद्य युरोपातून आले. तरीही आज कर्नाटक संगीताची मैफल त्याच्या साथीवाचून सहसा होत नाही. या परिवर्तनात तंजावरच्या मराठी दरबाराचा वाटा आहे, हे महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नसते. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासेत युरोपीय वादकाकडे हे वाद्य शिकले. दीक्षितरांचे शिष्य वडिवेलू हे सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८ ते १८३२) दरबारातील कलावंत. त्यांना पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले.

वाद्य बाहेरचे घेतले, पण वादनाची रीत आपली घडविली. पाश्चात्त्य वादक ते हनुवटीखाली धरतो. कर्नाटक पद्धतीचा शिष्य मांडी घालून बसतो. वाद्याचे एक टोक छातीशी व दुसरे उजव्या घोट्यावर टेकते. त्यामुळे डावा हात वाद्य पेलण्याच्या भारातून सुटतो आणि बोटे तारेवर घसरून गमक काढू शकतात. चार तारा सा-प-सा-प अशा जुळवितात.

शिक्षणक्रम पुरंदरदासांच्या परंपरेचा. पंढरीच्या विठ्ठलाचे हे भक्त. त्यांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’. आरंभ मायामालवगौळ रागाने होतो. त्याचे स्वर आपल्या भैरव थाटाचेच आहेत. प्रथम सरळी, मग जंट स्वर, अलंकार, गीतम्, वर्णम् आणि त्यानंतर कृती. प्रत्येक पाठ पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या काळात पक्का करावा लागतो. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. स्वराची जागा कानाने शोधावी लागते व बोटाने लक्षात ठेवावी लागते.

हा पाया वाया जात नाही. डॉ. एन. राजम यांचे आरंभीचे शिक्षण कर्नाटक पद्धतीचे. पुढे पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिंदुस्तानी गायकी व्हायोलिनवर उतरविली.

अडचण येते ती घरात. सहा महिने झाले तरी मुलाला एखादे गाणे वाजविता येत नाही, म्हणून पालक अस्वस्थ होतात आणि शिकवणी बंद करतात. सरळीचे पाठ त्यांना निरर्थक वाटतात. वस्तुतः सबंध गज एकसारख्या दाबाने ओढता येणे, हेच त्या काळातील खरे शिक्षण असते.

नालवाडीला ही गोष्ट नवी नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी केला. सूत एकसारखे उतरावे, तर हात रोज चालावा लागतो. गजाचेही तसेच आहे.

म्हणून पालकांनी आरंभीची दोन वर्षे मुलाला पाहुण्यांपुढे वाजवावयास बसवू नये. तो रोज ठरल्या वेळी वाद्य जुळवून बसला की नाही, एवढेच पाहावे. शक्य तर स्वतःही शेजारी बसून ऐकावे.