सापळ्याने राखलेली शांतता

रानबदके पकडण्यासाठी हॉलंडमध्ये सोळाव्या शतकात रूढ झालेल्या आणि सतराव्या शतकात इंग्लंडने उचललेल्या एका तळ्याविषयी आज बोलायचे आहे. इंग्रजीत त्याला डिकॉय म्हणतात. त्याची नोंद एरवी शिकारीच्या इतिहासात होते. माझे म्हणणे असे, की या सापळ्याने पाणथळ जागेचे एक तत्त्व फार लवकर ओळखले. जिथे बदकाला भीती वाटत नाही, तिथेच ते उतरते. म्हणून ज्याला रोज बदके हवीत, त्याला आधी शांतता राखावी लागते. डिकॉयचा मालक दयाळू नव्हता, त्याला बाजारात बदके विकायची होती. पण त्याच्या धंद्याची अटच अशी होती, की त्याला आपल्या तळ्याचा रखवालदार व्हावे लागले.

रचना पाहिली की हे पटते. झाडीने वेढलेले एक छोटे तळे असते आणि त्यातून निरनिराळ्या दिशांना बाकदार चर काढलेले असतात. प्रत्येक चरावर कमानी आणि त्यांवर जाळे. तोंडाशी चर रुंद व उंच, पुढे अरुंद होत होत शेवटी पिशवीसारख्या जाळ्यात संपणारा. काठाने बोरूचे तिरके पडदे उभे केलेले असतात, त्यांच्याआड माणूस दिसत नाही. तळ्यात थोडी पाळीव बदके सोडलेली असतात. दाणे टाकले की ती चरात शिरतात आणि काही रानबदके त्यांच्यामागे जातात. पण खरे काम करतो तो लहानसा कुत्रा. तो दोन पडद्यांमधल्या बुटक्या फळीवरून उडी मारून क्षणभर दिसतो आणि पुढच्या पडद्याआड जातो. दूर जाणारा शत्रू नजरेआड होऊ न देण्याची बदकांची सवय असते. ती त्याच्यामागे पोहत आत येतात. बदक वाऱ्याच्या तोंडाने उडते, म्हणून चर निवडायचा तो वाऱ्याची दिशा पाहून. मग वारा माणसाकडून बदकांकडे येणार! त्यावर उपाय म्हणून माणूस दलदलीतल्या जळाऊ मातीचे, म्हणजे पीटचे, धुमसते ढेकूळ तोंडापाशी धरून आपला वास झाकत असे. बदके पुरेशी आत आली की तो त्यांच्या मागे, चराच्या तोंडाकडे प्रकट होई. ती घाबरून पुढे उडत आणि पिशवीत सापडत. चर बाकदार असल्यामुळे तळ्यावरच्या उरलेल्या बदकांना यातले काहीच कळत नसे. बदकाचे डोळे, नाक आणि स्वभाव इतक्या बारकाईने जाणून घेतल्याशिवाय हे यंत्र उभेच राहिले नसते.

त्याआधीची रीत वेगळी होती. उन्हाळ्यात पिसे झडून बदकांना उडता येत नाही, तेव्हा होड्यांनी हाकारून ती जाळ्यांत लोटत. अठराव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश संसदेने या हाकाऱ्याला बंदी घातली. हॉलंडने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे डिकॉयभोवती वर्तुळ आखून, कुठे पाऊण तर कुठे एक किलोमीटरहूनही अधिक अंतरापर्यंत, बदके बिथरतील असे काही करायला मनाई करण्याचा हक्क मालकाला मिळाला.

यावर आक्षेप येईल, की पाळीव बदक पुढे करून रानबदकाला फसवणे हे समोरून गोळी घालण्यापेक्षा हीन आहे. भावना म्हणून मी तो मानतो, पण आकडे काही वेगळे सांगतात. लिंकनशायरमधल्या ॲशबी डिकॉयच्या १८३३ ते १८६८ या काळातल्या नोंदींत सुमारे ९५ हजार बदके आहेत, म्हणजे हंगामाला साधारण २,७००. आपल्याकडे भरतपूरला १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. जखमी होऊन दूर झुडपांत मेलेले पक्षी अशा हिशेबात येत नाहीत. डिकॉयमध्ये जखमी होऊन निसटणारे बदक नसते, आणि मुख्य म्हणजे उरलेला थवा पाणी सोडून जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडमध्ये डिकॉय एक-दोन नव्हते, शंभरावर होते. त्या सगळ्यांची मिळून होणारी हत्या लहान कशी म्हणायची? ती लहान नव्हतीच. उत्तर समुद्रातल्या फॉर बेटावर तर पकडलेली बदके डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. बाजार असा वाढला की शांतता राखणारा सापळाही अधाशी होतो, हे मान्यच करायला हवे. तरीही डिकॉय बंद पडले त्याचे मोठे कारण दलदलींचा निचरा हे होते. राल्फ पेन-गॅलवे यांनी १८८६ मध्ये डिकॉयवरचा ग्रंथ लिहिला, तेव्हा इंग्लंडमधले बहुतेक बंद झाले होते. पूर्व इंग्लंडच्या दलदली कोरड्या करण्याची मोठी मोहीम सतराव्या शतकात हॉलंडच्याच व्हर्मायडन या अभियंत्याने चालवली होती. एकाच देशातून बदकांचे तळेही आले आणि त्या तळ्याचे पाणी तोडणारे कालवेही. इथे माझ्या मुद्द्याची मर्यादाही दिसते: मालकाचा स्वार्थ आपल्या वर्तुळापुरता पुरतो, पलीकडची दलदल तो वाचवू शकत नाही.

या सापळ्याचा आणखी एक गुण मारणाऱ्यांच्या उपयोगाचा नव्हता. तो पक्षी जिवंत, अक्षत हाती देतो. वेल्समधल्या ओरिएल्टन डिकॉयमध्ये १९३४ पासून पकडलेल्या बदकांच्या पायांत ओळखीच्या कड्या घालून त्यांना सोडू लागले. पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली आणि तिथल्या जुन्या डिकॉयलाही हेच काम दिले. भारतात डिकॉयचे चर नव्हते, पण पक्षी न दुखावता पकडणारे बिहारचे मीरशिकार होते. सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने साठच्या दशकात कड्या घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांनाच बोलावले. ज्या भरतपूरच्या पाण्यावर व्हाइसरॉयच्या बंदुका चालल्या होत्या, तिथेच हे लोक जाळी लावू लागले, आणि तिथे कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत प्रदेशात सापडू लागली.