मोटारीचें इंजिन निवडतांना

श्रोत्यांपैकीं जे कुटुंबासाठीं मोटार घेऊं इच्छितात, त्यांच्या कानीं डिझेल इंजिनाच्या काटकसरीची कीर्ति आलीच असेल. ती खोटी नव्हे. या इंजिनांत ठिणगीवांचून, अतिशय दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. त्यामुळें थोड्या इंधनांत अधिक वाट सरते. परंतु भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी आली. सांचलेली काजळी जळून जाण्यास लांब, सलग प्रवासाची उष्णता लागते. केवळ शाळा, मंडई व कचेरी एवढ्याच फेऱ्या घडल्यास गाळणी तुंबते, आणि इंधनांत वांचलेला पैसा दुरुस्तींत जातो. म्हणून दुकानीं जाण्यापूर्वीं गृहस्थानें आपल्या प्रवासाचा हिशेब मांडावा. दर आठवड्यास पुणें-कोल्हापूर करणाऱ्यास डिझेल लाभतें. गल्लीबोळांतल्या फेऱ्यांस पेट्रोलच बरें.